तेल गार झाल्यावर

४ मार्च

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, मी कुठे अडकलेली नाही. सध्या मावशीकडे आहे, तिच्या नर्सरीत. खरं म्हणजे मी बंदराकडे निघाले होते. तिथे एका बोटीच्या स्वयंपाकघरात काम मिळणार होतं. पण बस फाट्यावर चहासाठी थांबली, समोर मावशीच्या नर्सरीची पाटी दिसली, तिच्यावर डावीकडे बाण होता. मी बाणामागे गेले. बॅग बसमध्येच राहिली, ती तिसऱ्या दिवशी परत आली, पण ती वेगळीच गोष्ट आहे.

फोन करत नाही कारण तुझ्या कारखान्याने तुझे कान खाल्ले आहेत. मागच्या वेळी मी म्हणाले, "मामा, मी नोकरी सोडली," तर तू म्हणालास, "छान, येताना मलाही एक आण." शिवाय इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते, तीही तिची मर्जी असेल तर.

आता मुद्दा. मावशीचा छोटा ट्रॅक्टर, काका गेल्यावर तिने घेतलेला, पुढे बकेटवाला. त्याच्या जिवावर नर्सरी चालते. मोठं झाड मुळांसकट काढायचं, मातीचा गोळा साखळीने बकेटला टांगायचा, गोणपाटात गुंडाळून शिवायचा आणि गाडीवर चढवायचा. एका नव्या दवाखान्याच्या आवारासाठी तिला अशी खूप झाडं द्यायची आहेत. पण ज्याच्या दाबाने बकेट उचलली जाते ते हायड्रॉलिक तेल तासाभरात एवढं तापतं की पाइपाला हात लावता येत नाही. पंप कुईकुई करायला लागतो, बकेट आळसावते. मग सगळं बंद करून थांबायचं. मावशी मधूनमधून जाऊन हात लावून बघते, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.

काल मी विचारलं, ट्रॅक्टर बंदच पडला तर?

"तर नर्सरी बंद," ती म्हणाली. "माझ्या खांद्यात आता फावडं मारायचं बळ नाही. मग ठोक्याच्या दोन खोल्यांत जाऊन टीव्हीसमोर बसायचं आणि मरायची वाट बघायची."

ठोक्या म्हणजे तूच ना? मला माहीतच नव्हतं! लहानपणी काय ठोकायचास?

तर मी ठरवलंय. भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या कॉम्प्रेसरचा ऑइल कूलर मिळालाय. बारीक नळ्यांची जाळी, मागे पंखा, नळ्या शाबूत आहेत. तो ट्रॅक्टरला बसवायचा. कसा ते तू सांग. तू आयुष्यभर हेच केलंस आणि मी आयुष्यभर काहीच धड केलं नाही, म्हणजे दोघांचं मिळून जमायला हरकत नाही.

तुझी भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

पत्र पोचलं. ताईला भेटलीस हे बरं केलंस. माझ्याशी ती पत्रानेही बोलत नाही. तिच्या घराचं दार एकटीने उघडायचं आणि एकटीने लावायचं, हे मला पटत नाही असं मी एकदा बोललो, तेव्हापासून.

आता नीट वाच. मध्येच उठून मांजराच्या मागे जाऊ नकोस.

कूलर परतीच्या पाइपावर बसतो. पंपातून जोराने निघतो त्या पाइपावर चुकूनही नाही. तिथला दाब या नळ्या फोडेल आणि उकळतं तेल तुझ्या तोंडावर येईल. काम संपवून तेलाच्या टाकीकडे जातो तो परतीचा. अंदाज नको. व्हॉल्व्हपासून बोटाने माग काढत टाकीपर्यंत जा. इंजिनाच्या रेडिएटरसमोर बसवू नकोस, त्याची हवा अडेल. सीटच्या मागे जागा असते. पाइपांची तोंडं दुकानातून दाबून घे, पट्ट्या आवळून भागवू नकोस. सगळं गार असताना कर. सुरू केल्यावर तोंड लांब ठेव.

पण एक लक्षात घे. कूलर म्हणजे ताप आलेल्याच्या कपाळावर ओलं फडकं. ताप का आला ते त्याने कळत नाही. एवढ्याशा ट्रॅक्टरचं तेल तासाभरात असं तापायला नको. कुठेतरी जोर लागतोय आणि काम होत नाहीये. तो वाया गेलेला जोर तेलात उतरतो. म्हणून आधी मला कळव: तेल पुरेसं आहे का, फिल्टर कधी बदलला, वर उचलून ठेवलेली बकेट आपोआप खाली येते का, आणि बकेट नुसती थांबलेली असताना इंजिनाला दम लागतो का. उत्तरं येईपर्यंत सुरू करू नकोस.

ताईला म्हणावं, आमचा टीव्ही बिघडलाय. हवं तर भिंतीसमोर बसेल.

मामा


१४ मार्च

मामा,

तुझं अक्षर बघून मावशी म्हणाली, "हा चालत्या गाडीत लिहितो का?" ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्यात. बरा आहेस ना?

कूलर बसला! सांगितल्याप्रमाणे सीटच्या मागे, लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत. बोटाने माग काढला. दोनदा चुकले, कारण पाइप मध्येच एका झाकणाखाली जातात आणि बाहेर येताना वेगळेच वाटतात. वेल्डिंगवाल्या बाईकडून चौकट करून घेतली. ती बाई आधी सर्कशीत होती, मोटरसायकलवर उभी राहायची. तिची गोष्ट ऐकता ऐकता एक पट्टी उलटी लागली, ती परत काढावी लागली. पंखा बॅटरीला जोडला. पाला अडकू नये म्हणून कूलरवर मच्छरदाणीचा तुकडा लावलाय. सगळं गार असताना कर म्हणालास, तेव्हा ते गारच होतं, फक्त एका जागी नव्हतं. मनगटाला जरासं पोळलं. काळजी करू नकोस, डावंच आहे.

आता तुझे प्रश्न. तेल पुरेसं आहे. फिल्टर मावशीने या वर्षी बदललाय, ती असल्या बाबतीत तुझीच बहीण आहे. बकेट खाली येते का? येते. वर ठेवली तर हळूहळू खाली सरकते, मावशी म्हणते, "वय झालं की सगळ्यांचंच होतं." आणि इंजिनाला दम लागतो का, तर हो, बकेट जागची हलत नसतानाही ते कण्हत असतं, आतून बारीक शिट्टी येते. मला वाटलं म्हातारं झालंय.

मावशीचं काम बघायला तू यायला हवंस. झाड बकेटला टांगून छातीएवढं वर घेते आणि मातीच्या गोळ्याखाली एका लाकडी स्टुलावर बसून दाभणाने गोणपाट शिवते. वाकायला जमत नाही म्हणून झाडच वर घेते. मी म्हणाले मी शिवते, तर म्हणे, "तुझा पाय एका जागी ठरत नाही, टाका काय ठरणार?" मला पाणी घालायला पाठवते. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी जुन्या पडद्यांच्या पट्ट्या आहेत. रोपं बांधायला, फाटक अडकवायला, चष्मा गळ्यात टांगायला. बकेट वर-खाली करायचा सीटजवळचा दांडासुद्धा ती निळ्या फुलांच्या पट्टीने सीटला ओढून बांधून ठेवते, म्हणजे बकेट वर राहते आणि तिचे दोन्ही हात मोकळे राहतात. ट्रॅक्टरला फुलांची पट्टी! मला इतकं हसू आलं.

वाट बघवत नाही, संध्याकाळी सुरू करते. तोंड लांब ठेवीन.

भिंगरी


१७ मार्च

मामा!

चाललं! एक थेंब गळला नाही. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, मावशीनेही, म्हणजे फुटलं असतं तर कुणालाच दिसलं नसतं. पण काही फुटलं नाही. काल सकाळपासून जेवणापर्यंत ट्रॅक्टर एकदाही बंद केला नाही आणि पाइपावर हात ठेवला तर चहाच्या कपासारखा. मावशीने जेवढी झाडं आठवडाभरात होत नव्हती तेवढी शिवली. मध्ये थांबावंच लागत नाही ना आता. तिला उठ म्हटलं तरी उठत नाही. झाडाखाली बसूनच पाणी प्यायली.

काल पहिल्यांदा तिने माझी स्तुती केली. म्हणाली, "बिनकामाची नाहीस तू." मी ते वाक्य कुठेतरी लिहून ठेवणार आहे. हेच ते कुठेतरी.

आता माझं इथलं काम झालं. परवा निघते. बोट अजून असेल तर असेल, नाहीतर दुसरी.

आनंदी भिंगरी


१८ मार्च

भिंगरे,

तुझं चौदा तारखेचं पत्र आज हातात आलं. मामीकडून वाचून घेतलं. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्यावर पट्टी आहे, कुणाला कळवलं नव्हतं. म्हणून ओळी वाकड्या. प्रवास करायचा नाही, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, नाहीतर हे लिहीत बसलो नसतो, निघालो असतो. मामीने फोन लावून लावून बोट दुखवून घेतलं. टाकीवर चढल्याशिवाय तुमचा फोन लागत नाही आणि टाकीवर कुणी नाही. कुंड्यांचा टेम्पो उद्या तिकडे जातो, त्याच्या चालकाच्या हातात हे देतो.

ताईला झाडाखाली बसू देऊ नकोस.

तेल तापायचं कारण तूच लिहिलंस आणि हसलीस. बकेट उचलणाऱ्या दट्ट्याभोवतीचं, तेल अडवणारं रबरी सील गेलंय म्हणून ती खाली सरकते. ती सरकू नये म्हणून ताई दांडा बांधून ठेवते. दांडा बांधला की पंप सारखा ढकलत राहतो. बकेट आणखी वर जाऊ शकत नाही, मग सगळं तेल दाब सोडायच्या व्हॉल्व्हमधून शिट्टी मारत निसटतं. इंजिन कण्हतं ते म्हातारपणाने नाही. तेल तापतं ते त्यानेच.

म्हणजे तिच्या डोक्यावर झाड आणि बकेट कशावर उभी आहे बघ. गेलेल्या सीलवर, चालू इंजिनावर आणि पडद्याच्या चिंधीवर. चिंधी सुटली, डिझेल संपलं, एक पाइप उलला, तर झाड खाली.

आणि आता सगळ्यात वाईट. आजवर तेल तापायचं म्हणून तिला तासाभराने उठावं लागायचं. तो तापच तिला तिथून उठवत होता. आपण तो काढून घेतला. तू आणि मी.

हे लिहीत असतानाच टेम्पोवाल्याने तिकडून आणलेलं तुझं सतरा तारखेचं पत्रही हातात आलं. मामीने "झाडाखाली बसूनच पाणी प्यायली" वाचलं आणि थांबली. पुढचं तिने वाचलं नाही.

पत्र मिळताच जा. लांबून ओरडू नकोस, ती दचकून वळेल आणि साखळीला धक्का लागेल. ती खाली असेपर्यंत दांड्याला, चावीला, कशालाही हात लावू नकोस. आधी तिला बाहेर काढ. कसं काढशील मला माहीत नाही. सांगून ऐकणारी ती नाही, मला कधी जमलेलं नाही. पण काढ. आणि निघून गेलेली नसलीस म्हणजे झालं.

मामा


२० मार्च

मामा,

आधी हे: मावशी ठीक आहे. मीही. आता बाकीचं.

मी काल सकाळी निघणार होते. बॅग खांद्याला लावून फाटकात उभी होते, कुंड्यांचा टेम्पो आला, म्हटलं हाच मला फाट्यापर्यंत नेईल. चालकाने पत्र दिलं. बसून वाचू म्हणून मी पुढच्या सीटवर चढले होते. मामा, मी आयुष्यात कुठलं पत्र मध्ये दुसरीकडे न बघता वाचलं असेल तर हे एकच. चालक काहीतरी विचारत होता. मी उतरले, बॅग परत गाडीतच राहिली.

मागच्या वाफ्यांकडे जाईपर्यंत इंजिनाचा आवाज ऐकत गेले. शिट्टी चालू होती. इतके दिवस ती मला नुसती शिट्टी वाटायची. आता वाटत होतं, ती थांबली तर?

मावशी झाडाखाली. केवढा मातीचा गोळा, तिच्या डोक्याच्या वर वीतभर, साखळी जराशी हलत होती. दांड्याला निळ्या फुलांची पट्टी ताणून बांधलेली. मी हळू म्हणाले, "मावशी, बाहेर ये ना जरा."

"टाका संपू दे."

"चहा केलाय."

"झाकून ठेव. आणि तू गेली होतीस ना?"

"मामाचं पत्र आलंय."

"मग काय नाचू? वाच आणि उत्तर टाक."

"मावशी, तो म्हणतो हे पडेल. उठ तिथून."

"तो कधीपासून म्हणतोय सगळं पडेल म्हणून. काही पडलं नाही. त्याच्या भीतीवर मी नर्सरी चालवली असती तर एव्हाना नुसती तुळशीची कुंडी उरली असती. बाजूला हो, उजेड अडवू नकोस."

मला रडू येत होतं आणि ओरडायचं नव्हतं. दांड्याला हात लावायचा नाही, चावीला लावायचा नाही. हात नुसते लोंबत होते. मग काय झालं मला माहीत नाही. मी खाली बसले, सरपटत आत गेले आणि तिच्या स्टुलाला टेकून बसले. झाडाखाली. तू हे कर म्हणाला नव्हतास. मला माहीत आहे.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"शिवायला शिकव."

"वेडी आहेस का? बाहेर हो!"

"का?"

"डोक्यावर केवढं ओझं आहे दिसत नाही? हो बाहेर!"

"तुझ्या डोक्यावर पण तेवढंच आहे."

"माझी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? सांग ना. सांगेपर्यंत मी बसते."

वरून थोडी माती माझ्या मानेवर पडली. मामा, मला इतकी भीती कधी वाटली नाही, आणि मी ट्रकच्या टपावर झोपून प्रवास केलेला आहे. मावशीच्या तोंडाचा रंग गेला होता. स्वतः रोज बसायची तेव्हा गेला नव्हता. तिने दाभण टाकलं, माझा दंड धरला आणि मला ओढत, स्वतःला ओढत, बाहेर काढलं. दंडावर पाच बोटं उठली आहेत. मग तिने मला एक सणसणीत ठेवून दिली. मी त्याबद्दल काही म्हणत नाही.

तिने स्वतः बाजूला उभं राहून पट्टी सोडली. शिट्टी थांबली. बकेट आधी सावकाश आली, जशी नेहमी येते, मग आत काहीतरी फट्‌ झालं आणि उरलेलं अंतर ती एकदम आली. झाड स्टुलावर बसलं. स्टुलाचे पाय चारी बाजूंना पसरले. तेलाची चिळकांडी उडून मच्छरदाणीवर गेली.

मग मावशी म्हणाली, "चांगलं स्टूल होतं."

मग ती पायरीवर बसली आणि उजवा हात मांडीवर ठेवून बघत राहिली. तिच्या बोटांना वर्षभरापासून मुंग्या येतात, मामा. दाभण धरलेलं तिला कळत नाही, बघावं लागतं. एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने शिवायचं तिला शक्यच नाही, म्हणून पट्टी. आणि मला शिवू देत नव्हती ते माझ्या पायामुळे नाही. मी शेजारी बसले असते तर तिचा हात मला दिसला असता.

"हे ठोक्याला लिहायचं नाही," ती म्हणाली.

मी म्हणाले, लिहिणार. म्हणून लिहिलं. आता ती घरात भांडी जोरजोरात ठेवतेय.

कूलर शाबूत आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

भिंगरी


२३ मार्च

ठोक्या,

भिंगरीने काय काय लिहिलं ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नाही, ती पाकीट चिकटवताना माझ्याकडे बघत नव्हती.

डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंस आणि मला कळवलं नाहीस. माझ्या बोटांचं मी तुला कळवलं नाही. फिटंफाट. आता तू ओरडू नकोस, मीही ओरडत नाही. डाव्या हाताने लिहून बघतेय, म्हणून अक्षराला हसू नकोस.

कामाचं. पाइप नवा आणलाय. दोन्ही बाजूंची सीलं मागवली आहेत, पण ती मी बसवणार नाही आणि भिंगरीला बसवू देणार नाही. ते तुझं काम. डोळ्याची पट्टी उघडली, डॉक्टर हो म्हणाला, की ये. राहायला ये म्हणत नाही, काम करायला ये. दोन खोल्यांचा विषय काढलास तर जेवायला मिळणार नाही.

तोपर्यंत झाड हवेत ठेवायचं नाही असं ठरलंय. वेल्डिंगवालीने लोखंडी घोडा करून दिला. जाड पायांचा आहे, त्यावर झाड टेकवायचं, साखळी सैल करायची, इंजिन बंद करायचं आणि मग शिवायचं. शिवते भिंगरी. टाके वाकडे येतात, पण सुटत नाहीत. मी शेजारी खुर्ची टाकून शिव्या देते. कूलर आहे तिथेच ठेवलाय. उन्हाळ्यात लागेल, आणि पोरीने मन लावून केलेलं ते पहिलंच काम आहे.

दवाखान्याची अर्धी झाडं गेली, बाकीची उशिरा जातील असं कळवलं. हाताचं दाखवायला सोमवारी जातेय. आधीच दाखवायला हवं होतं हे तू लिहू नकोस, मला माहीत आहे.

तिची बॅग टेम्पोवाल्याने परत आणली. काल ती बॅग भरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी गेल्यावर तू पुन्हा टांगलेल्या झाडाखाली बसणार नाहीस असं आधी कबूल कर, म्हणजे मी सुखाने जाते. मी कबूल केलं नाही. ती चिडली, आदळआपट केली, बॅग रिकामी करून कपडे परत दोरीवर टाकले.

मला काही घाई नाही. मी आणखी बरेच दिवस कबूल करणार नाही.

ताई